गिटारच्या तारांची जाडी

गिटारच्या तारांची जाडी : गिटार या तंतुवाद्याच्या तारांचा व्यास आणि त्यावर अवलंबून असणारे तारेचा ताण, नादगुण व वादनतंत्र यांचा परस्परसंबंध. तारेचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात मोजण्याचा प्रघात अमेरिकेत पडला व आता तो जगभर रूढ झाला आहे. वादक ‘दहाच्या तारा’ असे म्हणतो, तेव्हा ०·०१० इंच (०·२५४ मिमी.) व्यासाची पहिली तार आणि तिला साजेशा इतर पाच तारांचा संच त्याला अभिप्रेत असतो. वरवर पाहता हा कारागिराच्या किंवा दुकानदाराच्या आस्थेचा तपशील वाटतो. तथापि ब्लूज व रॉक या संगीतप्रकारांत गिटारचे जे एकलवादन ‘लीड’ या नावाने ओळखले जाते, त्याचा विकास तारा बारीक होण्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. बोटाने तार आडवी ओढून स्वर चढविणे व तो ओढलेल्या अवस्थेतच कंपित ठेवणे, हे या वादनाचे मर्म होय. आणि ते जाड तारेवर थोड्यांनाच साधत असे.

ताणलेल्या तारेच्या कंपनाचे नियम फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन याने १६३६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यांनुसार तारेची लांबी, तिचा ताण व एकक लांबीतील वस्तुमान या तीन गोष्टींवर स्वराची उंची अवलंबून असते. लांबी व स्वर कायम ठेवून तार जाड केली, तर ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. ६४·८ सेंमी. लांबीच्या विद्युत् गिटारवर पहिली तार प्रमाण स्वरात (सु. ३३० हर्ट्‌झ) लावली असता ०·००९ इंचाच्या पोलादी तारेवर सु. ६ किग्रॅ., ०·०१० च्या तारेवर सु. ७·४ किग्रॅ. व ०·०१३ च्या तारेवर सु. १२·५ किग्रॅ. इतका ताण येतो. म्हणजे हजारांश इंचाचे चार भाग वाढले, की ताण दुपटीहून अधिक होतो. हाताला जाणवणारा फरक इतका मोठा का, याचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे.

याच नियमातून निघणारा एक निष्कर्ष मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. साध्या, म्हणजे वेढा नसलेल्या तारेच्या छेदाच्या एकक क्षेत्रफळावर येणारे प्रतिबल केवळ लांबी, स्वर व धातूची घनता यांवर ठरते. जाडीचा त्याच्याशी संबंध नसतो. त्यामुळे बारीक तार त्याच स्वरात लावली म्हणून ती तुटण्याच्या मर्यादेजवळ जाते, असे नाही. ती लवकर तुटते, ती नखीचा आघात, घोडीच्या कडेवरील घर्षण आणि वारंवार ओढणे यांमुळे. तार आडवी सारल्यास स्वर किती चढेल, हेही साध्या तारेच्या बाबतीत जाडीवर अवलंबून नसते. एक स्वर चढविण्यासाठी बारीक व जाड या दोन्ही तारा जवळजवळ सारख्याच अंतराने सराव्या लागतात. फरक पडतो तो बोटांना लावाव्या लागणाऱ्या बलात. पूर्ण स्वराने उंची वाढविण्यासाठी ताण सव्वापटीहून थोडा अधिक करावा लागतो. ०·०१३ च्या तारेवर त्यासाठी लागणारे बल ०·०१० च्या तारेपेक्षा सु. सत्तर टक्क्यांनी जास्त असते.

प्रारंभी गिटारला तात लावीत. मेंढीच्या आतड्यापासून पिळून केलेल्या या तातीची जाडी ठराविक अंकांनी नव्हे, तर बोटांच्या व कानांच्या सवयीने निवडली जाई. खर्जाच्या तातीला पुरेसे वस्तुमान देण्यासाठी ती जाड करावी लागे, आणि जाड तात ताठ असल्याने तिचा नाद बोथट होई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गाभ्यावर धातूची बारीक तार वेढण्याची युक्ती प्रचारात आली. तीमुळे लवचिकपणा न गमावता वस्तुमान वाढविता येऊ लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारांची गिटार रूढ झाली, तेव्हा तिच्या वरच्या तीन तारा तातीच्या व खालच्या तीन रेशमी धाग्यांच्या गाभ्यावर रुपेरी तांब्याच्या वेढ्याच्या असत. स्पॅनिश वाद्यकार आंतोन्यो दे तोरेस (१८१७–९२) याने वाद्याचा आकार वाढवून तारेची लांबी सु. ६५ सेंमी. केली, अभिजात गिटारची ती मोजणी आजही पाळली जाते. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी लागू लागल्याने तिचा तुटवडा पडला. युद्धानंतर न्यूयॉर्कमधील वाद्यकार ॲल्बर्ट ऑगस्टिन याने आंद्रेस सेगोव्हिआ (१८९३–१९८७) या विख्यात वादकाच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा सिद्ध केल्या. अभिजात गिटारचा इतिहास येथून निराळ्या वाटेने जातो.

पोलादी तारांचा प्रसार अमेरिकेत झाला. मँडोलिन व बँजो ही वाद्ये पोलादी तारांची होती आणि त्यांच्या मेळात तातीची गिटार ऐकू येत नसे. त्यात हवाईयन वादनाची भर पडली. या पद्धतीत गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवितात. तिचे श्रेय बहुधा जोझेफ केकूकू या हवाईयन वादकाला देतात. सॅन फ्रॅन्सिस्को येथील १९१५ च्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन संगीताने अमेरिकन श्रोत्यांना वेड लावले. पोलादी तारांचा ताण तातीपेक्षा पुष्कळ अधिक असल्याने वाद्याची रचनाच बदलावी लागली. पेनसिल्व्हेनियातील मार्टिन या गिटारकारांच्या पेढीने १९२२ मध्ये मुख्यतः पोलादी तारांसाठी घडविलेली गिटार बाजारात आणली. गिब्सन कंपनीने त्याच सुमारास गिटारच्या मानेत पोलादी सळई बसविण्यास आरंभ केला. तारांच्या ओढीने मान वाकू लागल्यास ही सळई पिळून ती सरळ करता येते.

या काळात जाड तारांमागे एकच हेतू होता : आवाज. लाकडी गिटारमध्ये तारेचे कंपन घोडीमार्फत तबलीला मिळते. तारेचा ताण व वस्तुमान जितके अधिक, तितके तबलीला मिळणारे बल अधिक. मोठ्या जॅझ वाद्यवृंदात तुताऱ्या व सॅक्सोफोन यांच्या गजरात गिटारला टिकून राहावयाचे, तर दुसरा इलाज नव्हता. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ पासून वादन करणारा फ्रेडी ग्रीन (१९११–८७) जाड तारा पट्टीपासून बऱ्याच उंच ठेवून विवर्धकाशिवाय साथ करी. अशा वाद्यावर स्वरसंगतींचा ठेका धरणे शक्य होते. तार ओढणे जवळजवळ अशक्यच. जाड तारांचा मोह वाद्यांनाही भोवला. मार्टिन पेढीने तबलीखालच्या पट्ट्या कोरून हलक्या करण्याची आपली पद्धत १९४४ मध्ये सोडून दिली, कारण वादक जाड तारा चढवीत आणि तबली फुगून वर येत. त्या कोरीव पट्ट्यांच्या गिटारी त्यांच्या नादासाठी पुढे फार मोलाच्या ठरल्या, हा भाग वेगळा.

या नियमाला एक ठळक अपवाद फ्रान्समध्ये आढळतो. जँगो राइनहार्ट (१९१०–५३) या रोमा जमातीतील वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ मध्ये त्याच्या गाडीला लागलेल्या आगीत निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने वेगवान एकलवादनाची शैली घडविली. त्याची सेल्मर बनावटीची गिटार हलक्या तबलीची होती आणि तिला रुपेरी तांब्याच्या वेढ्याच्या, तुलनेने बारीक तारा लावीत. विवर्धक नसतानाही ती दूरवर ऐकू जाई. आवाज केवळ तारेच्या जाडीने येत नाही, तबलीचा हलकेपणा आणि उजव्या हाताचा आघात यांचाही त्यात वाटा असतो, हे या वाद्याने दाखवून दिले.

विद्युत् गिटारच्या उदयाने तारेवरील आवाजाची जबाबदारी संपुष्टात आली. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली, की भोवतीच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत् प्रवाह निर्माण होतो व विवर्धक तो वाढवितो. तबली गौण ठरते. १९३० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी रिकनबॅकर पेढीची हवाईयन पद्धतीची विद्युत् गिटार निघाली, १९३६ मध्ये गिब्सनची ईएस-१५० आली आणि १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या मेळात दाखल झालेल्या चार्ली ख्रिस्चन (१९१६–४२) याने तिच्यावर सॅक्सोफोनसारख्या सलग स्वरांचे एकलवादन करून दाखविले. असे असूनही तारा जाडच राहिल्या. सवय हे त्याचे एक कारण होते. दुसरे असे, की जाड तार चुंबकापुढे अधिक पोलाद हालविते आणि संकेत जोरकस मिळतो; त्या काळच्या क्षीण विवर्धकांना तो हवाच होता. १९५० ते १९५४ या काळात फेंडर व गिब्सन यांच्या भरीव लाकडाच्या गिटारी बाजारात आल्या, तेव्हाही त्यांना मिळणाऱ्या संचांत तिसरी तार वेढलेलीच असे.

या तिसऱ्या तारेत सर्व प्रकरणाचे मर्म आहे. वेढलेल्या तारेत ताण सोसतो तो केवळ आतला बारीक गाभा. वेढ्यामुळे वस्तुमान वाढते, परंतु ओढ सोसण्यास त्याची मदत होत नाही. त्यामुळे अशी तार आडवी सारली, तरी स्वर थोडाच चढतो. उलट साध्या तारेचे सर्व पोलाद ओढीत भाग घेते आणि तिसऱ्या तारेचा स्वर खालचा असल्याने तिच्यावरील प्रतिबलही मुळात कमी असते. परिणामी तीच तार साधी असेल, तर ती थोड्या अंतराने ओढूनही स्वर झपाट्याने वर जातो. ब्लूज वादकाला ज्या स्वरस्थानी गंधार कोमल व शुद्ध यांच्यामध्ये झुलवावयाचा असतो, ते स्थान पुष्कळदा याच तारेवर येते. तेथे वेढलेली तार म्हणजे बंद दार. साध्या तिसऱ्या तारेचा एक तोटाही आहे. ती पडद्यावर दाबतानाच थोडी चढी लागते. म्हणून घोडीवरील तिचा आधार मागे सरकवावा लागतो. वेढलेल्या तारेसाठी कोरलेल्या जुन्या घोड्यांवर साधी तार लावल्यास ती बेसूर बोलते. जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारमधील चुंबकांच्या कमीजास्त उंचीतही वेढलेली तार गृहीत धरलेली होती. त्यांच्यावर साधी तिसरी तार इतरांपेक्षा मोठ्याने वाजते.

तार ओढण्याची कला बारीक तारांआधीच अस्तित्वात होती, हे येथे नमूद केले पाहिजे. टी-बोन वॉकर (१९१०–७५) याने विद्युत् गिटारवर ती रूढ केली. बी. बी. किंग (१९२५–२०१५) याला आपला नातलग बुका व्हाइट याच्या सरकत्या कांडीच्या वादनातील आर्त कंप फार आवडे. कांडी आपल्याला साधत नाही, म्हणून मनगटाच्या हालचालीने तोच परिणाम साधण्याचा प्रयत्न आपण केला, असे त्याने सांगितले आहे. ॲल्बर्ट किंग (१९२३–९२) हा डावखुरा वादक उजव्या हाताची गिटार तारांचा क्रम न बदलता उलटी धरी. त्यामुळे वरच्या स्वरांच्या तारा त्याला बोटांनी लोटाव्या न लागता आपल्याकडे ओढाव्या लागत. सर्व बोटांचे बळ त्यात येत असे आणि त्याचे ओढलेले स्वर एक-दीड स्वराच्याही पलीकडे जात.

बारीक तारांचा शोध प्रयोगशाळेत लागला नाही. तो वादकांच्या खटपटीतून लागला. लुइझिॲनातील जेम्स बर्टन (जन्म १९३९) याने १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गिटारच्या वरच्या बाजूस बँजोच्या बारीक तारा चढविल्या आणि गिटारच्या तारा खालच्या घरांत सरकविल्या. रिकी नेल्सनच्या ध्वनिमुद्रिकांतून त्याचे लवचिक वादन घरोघर पोहोचले. परंतु ते कसे होते, याचा उलगडा सामान्य वादकांना होत नसे. पुष्कळांनी ध्वनिमुद्रिका ऐकून जाड तारांवर ते स्वर काढण्याच्या नादात बोटे सोलून घेतली. हळूहळू ही युक्ती कर्णोपकर्णी पसरली. पहिल्या घरात बँजोची तार, दुसऱ्यात गिटारची पहिली, तिसऱ्यात दुसरी, याप्रमाणे सहावी तार फेकून देऊन संच एका घराने खाली सरकवावयाचा. ब्रिटनमधील तरुण वादकांतही हीच रीत होती. या सरकविण्यात तिसरी तार आपोआप साधी होते, ही गोष्ट महत्त्वाची.

फेकलेल्या सहाव्या तारांचा अर्थ ज्या माणसाने ओळखला, तो कॅलिफोर्नियातील टारझाना येथील गिटारविक्रेता अर्नी बॉल (१९३०–२००४) होय. त्याच्या दुकानात शिकाऊ मुलांना प्रचलित संचातील ०·०२९ इंचाची तिसरी तार दाबता येत नसे. ती ०·०२४ ची करावी, ही त्याची सूचना मोठ्या उत्पादकाने मानली नाही. तेव्हा त्याने एका तार बनविणाऱ्याकडून असे संच स्वतःसाठी करून घेतले. पुढे व्यावसायिक वादकांच्या मागणीवरून निरनिराळ्या जाडीच्या सुट्या तारा ठेवण्यास त्याने सुरुवात केली आणि त्यांतून जो संच लोकप्रिय ठरला, तो १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी ‘स्लिंकी’ या नावाने विक्रीस आणला. त्यातील तारा पहिलीपासून अनुक्रमे ०·०१०, ०·०१३, ०·०१७, ०·०२६, ०·०३६ व ०·०४६ इंच जाडीच्या असतात. त्याहून बारीक, ०·००९ ते ०·०४२ इंचांचा संचही त्याने काढला. आज जगातील बहुसंख्य विद्युत् गिटारींवर या दोन मापांपैकी एक आढळते, ही गोष्ट ध्यानात घेता या किरकोळ विक्रेत्याचा वाद्याच्या इतिहासातील वाटा एखाद्या नामवंत वाद्यकाराहून कमी म्हणता येणार नाही.

ब्रिटनमध्ये एरिक क्लॅप्टन (जन्म १९४५) याच्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १९६३–६५ या काळात यार्डबर्ड्‌स या मेळात असताना त्याच्या बारीक तारा कार्यक्रमात तुटत. तो रंगमंचावरच नवी तार चढवी आणि तोवर श्रोते संथ लयीत टाळ्या वाजवीत. त्याचे ‘स्लोहँड’ हे टोपणनाव त्यावरून पडले, असे सांगतात. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या मेळासह त्याने केलेल्या ध्वनिमुद्रणात बारीक तारा, गिब्सन लेस पॉल गिटार व कमाल क्षमतेपर्यंत चढविलेला मार्शल विवर्धक यांचा संयोग झाला. विवर्धक अशा रीतीने अतिभारित झाला, की संकेताची शिखरे छाटली जातात, मुळात नसलेले अधिस्वर उत्पन्न होतात आणि क्षीण होत जाणारा स्वरही बराच वेळ एकाच जोराने ऐकू येतो. बारीक तारेची आस कमी पडते, हा जुना आक्षेप त्यामुळे निकालात निघाला. तारा बारीक होण्याच्या व विवर्धक मोठे होण्याच्या घटना एकाच दशकात घडल्या, हा योगायोग नव्हे. एकीवाचून दुसरीचा पुरा उपयोग झाला नसता.

बर्मिंगहॅममधील टोनी आयोमी (जन्म १९४८) याच्या बाबतीत बारीक तारा हा आवडीचा प्रश्न नव्हता. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली सापडून तुटली. तो डावखुरा असल्याने तार दाबण्याचा हात हाच होता. वादन संपले, असे त्याने धरून चालले असता कारखान्यातील एका वरिष्ठाने त्याला राइनहार्टची ध्वनिमुद्रिका आणून ऐकविली. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटविले, बँजोच्या तारा लावल्या आणि पुढे ताण आणखी कमी करण्यासाठी सर्व तारा दीड स्वराने खाली उतरविल्या. ब्लॅक सॅबथ या मेळाच्या १९७१ च्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारा तो खोल, सैल व घनगर्जित नाद यातून जन्मला आणि हेवी मेटल या संगीतप्रकाराचा पाया ठरला. जाड तारेशिवाय भारदस्त नाद नाही, हा समज जे बाळगतात, त्यांना या उदाहरणाचा खुलासा करणे अवघड जाते.

विरुद्ध पक्षही दुबळा नाही. टेक्ससमधील स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–९०) याची पहिली तार ०·०१३ इंचांची आणि सहावी ०·०५८ पर्यंतची असे. त्याच्या भरीव, घंटेसारख्या नादाचे श्रेय सर्रास या जाडीला दिले जाते. ते अंशतः योग्य आहे. मात्र तो गिटार अर्ध्या स्वराने उतरवून लावी आणि त्यामुळे ताण सु. ११ टक्क्यांनी घटे, म्हणजे हाताला ती तार ०·०१२ च्या थोडी वरची वाटे. तरीही त्याच्या बोटांची कातडी फाटे व ती तात्काळ चिकटणाऱ्या रासायनिक डिंकाने सांधून तो रंगमंचावर जाई. त्याचे अनुकरण करणाऱ्या अनेक तरुणांनी तारा तेवढ्या उचलल्या. त्याचे मनगट व उजव्या हाताचा आघात मात्र उचलता आला नाही. सर्फ संगीताचा प्रवर्तक डिक डेल (१९३७–२०१९) याच्या तारा याहूनही जाड होत्या, परंतु त्याचे वादन नखीच्या वेगवान आघातांचे असल्याने ओढण्याचा प्रश्न तेथे फारसा येत नसे. झीझी टॉप या मेळाचा बिली गिबन्स (जन्म १९४९) सांगतो, की तारुण्यात आपण जाड तारा वापरीत असता बी. बी. किंगने आपली गिटार हातात घेऊन, एवढे कष्ट कशासाठी, असे विचारले. त्यानंतर गिबन्स बारीक तारांकडे वळला व शेवटी ०·००७ इंचांपर्यंत गेला. त्याचा नाद भरदार नव्हे, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. जिमी हेंड्रिक्स (१९४२–७०) हाही पुष्कळदा अर्धा स्वर उतरवूनच वाजवी, पण बारीक तारांवर.

मग जाडीचा नादावर परिणाम होतो तो कोणता? पहिला परिणाम ताठपणाचा. खरी तार आदर्श दोरीप्रमाणे पूर्ण लवचिक नसते. ताठपणामुळे तिचे वरचे अधिस्वर गणिती गुणोत्तरापेक्षा किंचित चढे लागतात. एकाच स्वरात लावलेल्या साध्या तारांत हा दोष व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाड तारेत उच्च अधिस्वर लवकर विरतात व मूलस्वर ठळक होतो. श्रोते त्याचे वर्णन ‘गोल’ किंवा ‘भरीव’ असे करतात. बारीक तार अधिक झळाळते व काहीशी तीक्ष्ण वाटते. दुसरा परिणाम परमप्रसराचा. सारख्याच आघाताने बारीक तार अधिक रुंद हेलकावते, पडद्यांवर आपटून खरखरते आणि जोरदार आघातात क्षणभर चढी लागते. म्हणून बारीक तारांच्या वादकाला उजवा हात आवरून धरावा लागतो, तर जाड तारा जोरकस हाताला जागा देतात. जाड तारांच्या वादकांचा नाद मोठा भासतो, त्यात तारेइतकाच या मोकळ्या हाताचाही भाग असावा. तिसरा परिणाम चुंबकापुढील पोलादाच्या प्रमाणाचा, परंतु विवर्धकाची कळ थोडी फिरविली, की तो भरून निघतो. स्वच्छ नादात हे सर्व फरक ऐकू येतात. अतिभारित विवर्धकात ते बरेचसे झाकले जातात. लाकडी गिटारवर मात्र त्यांना झाकणारे काही नसते आणि तेथे ०·०१२ इंचांपासून सुरू होणारे व वेढलेल्या तिसऱ्या तारेचे संचच आजही प्रचलित आहेत. जॅझ वादक चपट्या वेढ्याच्या जाड तारा पसंत करतात. त्यांना स्वर ओढावयाचा नसून स्वरसंगतींची शुद्धता व बोटांच्या घर्षणाचा अभाव हवा असतो.

भारतीय वाचकाला या प्रश्नाची कल्पना सतारीवरून सहज येईल. मिरजेच्या सतारकारांच्या घडणीत बाजाची तार सु. ०·३० मिमी. जाडीची असते, प्रचलित स्वरात लावली असता तिच्यावर सु. ६ किग्रॅ. ताण येतो, म्हणजे ०·००९ इंचांच्या गिटारच्या पहिल्या तारेइतकाच. सतारीच्या रुंद दांडीवर कमानदार पडद्यांमुळे ही तार चार-पाच स्वरांपर्यंत ओढून मींड घेता येते. गिटारच्या अरुंद व सपाट पट्टीवर दीड-दोन स्वरांनंतर शेजारच्या तारा आड येतात. स्वीडिश वादक इंगवे माल्मस्टीन (जन्म १९६३) याने ०·००८ च्या तारा लावून पडद्यांमधील लाकूड खोलगट करून घेतले, तेव्हा बोटाखाली लाकूड न लागता तार ओढण्याचा सतारीसारखाच लाभ त्याला मिळाला. उलट, हिंदुस्थानी संगीतात गिटार आली ती हवाईयन पद्धतीने. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी तिच्यावर रागसंगीत वाजविले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेतची त्यांची १९६७ ची ध्वनिमुद्रिका सर्वश्रुत आहे. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली. या वाद्यांवर तार दाबावी लागत नसल्याने ती जाड व उंच ठेवता येते. जड कांडीखाली बारीक तार दबून पडद्यांना लागते. मींड हेच साध्य असूनही येथे तारेची निवड नेमकी उलट दिशेने झाली आहे.

तारांची जाडी बदलणे म्हणजे केवळ संच बदलणे नव्हे. एकूण ताण बदलल्याने मान वाकते किंवा उलटी ताठरते व आतील सळई पिळून जुळवावी लागते. खुंट्यांजवळील आडपट्टीच्या खाचा जाड तारेला अपुऱ्या पडतात, बारीक तारेला सैल होतात. घोडी कमानींवर तरंगती असेल, तर कमानींचा ताण नव्याने जुळवावा लागतो. गिब्सन गिटारींची तार फेंडरपेक्षा सु. २ सेंमी. आखूड असल्याने त्याच स्वरात तिच्यावर सहा टक्के कमी ताण येतो. पुष्कळ वादक म्हणूनच एकीवर ‘दहाच्या’ व दुसरीवर ‘नऊच्या’ तारा ठेवतात. १९९० मध्ये सात तारांची विद्युत् गिटार कारखान्यात नियमित बनू लागली आणि त्यानंतरच्या मेटल संगीतात तारा दोन-तीन स्वरांनी उतरविण्याची प्रथा वाढली. इतक्या खाली बारीक तार लोंबकळते व स्वर डगमगतो. त्यामुळे ओढण्यासाठी वर बारीक आणि खर्जासाठी खाली ०·०५२ इंच वा त्याहून जाड, असे मिश्र संच प्रचारात आले असून सुट्या तारांमधून स्वतःचा संच जुळविण्याची जुनी रीत वादकांनी सोडलेली नाही.